गहाळ रिळाचे विडंबन

विद्यापीठीय चर्चासत्रांत 'लोकप्रिय संस्कृती' ह्या सदराखाली वाचल्या जाणाऱ्या निबंधांतून अलीकडे एक ठरीव विधान हमखास ऐकू येते. अल्पखर्ची भयविनोदपट हे जुन्या शोषणपटांचे विडंबन करतात, आणि ह्या विडंबनातून मूळ संहितेतील हिंसेची, वंशद्वेषाची, स्त्रीदेहाच्या प्रदर्शनाची चिकित्सा घडते, असे ते विधान. त्याच्या शेजारी लिंडा हचन ह्यांच्या १९८५ च्या 'अ थिअरी ऑफ पॅरडी' ह्या ग्रंथाचा हवाला असतो, पाठोपाठ बाख्तिनचा कार्निव्हल येतो, टाळ्या पडतात. मध्यंतरी अशाच एका सत्रात मी श्रोत्यांत बसले होते. निबंधवाचकाने रामसे बंधूंच्या एका चित्रपटातील दृश्य पडद्यावर दाखविले आणि सभागृह हसले. दृश्यात विनोदी काही नव्हते. एक स्त्री एका बंद दाराकडे चालत जात होती. हसणाऱ्यांना दाराआड काय आहे ते ठाऊक होते म्हणून ते हसले नाहीत. आपण ह्या चित्रपटाचे प्रेक्षक नव्हे, हे एकमेकांना कळावे म्हणून हसले. मीही हसले होते, हे येथे नोंदविणे प्रामाणिकपणाचे होईल.

हचन ह्यांच्या मांडणीबद्दल माझा आक्षेप नाही. विडंबन म्हणजे टवाळीच असते असे त्या मानीत नाहीत. चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती एवढीच त्यांची अट आहे, आणि आदरांजलीलाही तीत जागा आहे. आक्षेप आहे तो आपल्या उसनवारीला. 'चिकित्सक अंतर' हा शब्दप्रयोग आपण असा वापरतो, की जणू अंतर असले म्हणजे चिकित्सा आपोआप आली. तालुक्याच्या गावातील पहिल्या रांगेच्या बाकड्यापासून वातानुकूलित सभागृहापर्यंतही अंतर असतेच. त्याला चिकित्सा म्हणावयाचे काय?

आधी संज्ञेचा प्रश्न. 'शोषणपट' हा आपण घडविलेला प्रतिशब्द मुळातच दिशाभूल करणारा आहे. अमेरिकी चित्रव्यवसायात 'एक्स्प्लॉयटेशन' हा शब्द प्रथम जाहिरातबाजीच्या अर्थाने रुळला. एखाद्या विषयाचे बाजारात जेवढे मोल होईल तेवढे करून घ्यावयाचे, तो विषय नग्नता असो, अमली पदार्थ असोत वा रक्तपात, हा तो व्यवहार होय. म्हणजे हा एक विक्रीचा प्रकार आहे, आणि त्यात शोषण होत असले तरी ते नावाच्या आत नाही. आपण मात्र 'शोषण' म्हटले, आणि तेथेच निवाडा देऊन मोकळे झालो. ज्यावर निवाडा आधीच दिलेला आहे त्याचे विडंबन हे साहजिकच न्याय्य वाटू लागते.

ह्या न्याय्यतेच्या तळाशी एक गृहीतक आहे, आणि माझे भांडण त्याच्याशी आहे. मूळ चित्रपट भोळे होते, त्यांना आपण काय करीत आहोत ते कळत नव्हते, आणि शहाणा विडंबनकार नंतर आला, असे हे गृहीतक. सुसान सोंटॅग ह्यांनी १९६४ मधील 'कॅम्प'विषयक टिपणांत अजाण आणि जाणीवपूर्वक असा भेद केला आणि अजाणास वरचे स्थान दिले, तेव्हापासून हा भोळेपणा हीच खालच्या दर्जाच्या चित्रपटांची जणू जमेची बाजू मानली गेली. पण इतिहास काय सांगतो?

रॉजर कॉर्मन ह्यांचा 'अ बकेट ऑफ ब्लड' १९५९ मध्ये आला. तो पाच दिवसांत चित्रित झाला होता. कलावंतांच्या अड्ड्यावर उष्टी भांडी उचलणारा वॉल्टर पेझली हा त्याचा नायक. त्याच्या हातून चुकून एक मांजर मरते. तो तिच्यावर माती लिंपतो आणि शिल्प म्हणून पुढे करतो. अड्ड्यावरील कवी आणि रसिक त्याच्या वास्तववादाने भारावून जातात. मग माणसे मरू लागतात, शिल्पे वाढू लागतात, आणि प्रशंसाही. हा चित्रपट कोणाला हसतो आहे? भुताखेतांना नाही, भाबड्या प्रेक्षकालाही नाही. तो हसतो आहे प्रेतावर माती पाहून 'आशय आणि अभिव्यक्तीची एकात्मता' शोधणाऱ्यांना, म्हणजे आपल्याला. पाठोपाठ १९६० मध्ये त्याच चार्ल्स ग्रिफिथ ह्यांच्या पटकथेवर, दुसऱ्या चित्रपटासाठी उभ्या असलेल्या देखाव्यात, 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' तयार झाला; मुख्य चित्रीकरण दोन दिवस आणि एका रात्रीत उरकले, असे सांगितले जाते. येथे भय आणि विनोद हे एकाच कारखान्यात, एकाच आठवड्याच्या रोजगारीवर घडत होते. विडंबन मागाहून आलेले नाही.

हर्शेल गॉर्डन लुईस ह्यांचे उदाहरण आणखी बोलके आहे, आणि आम्हा अध्यापकांना जरा अडचणीचे. १९६३ च्या 'ब्लड फीस्ट'पासून पडद्यावर उघडी आतडी दाखविण्याचा जो प्रकार सुरू झाला त्याचे जनकत्व ह्या गृहस्थांकडे जाते. ते मिसिसिपीत इंग्रजी साहित्य शिकवून आलेले होते. आपल्या ह्या पहिल्या रक्तपटाविषयी बोलताना ते वॉल्ट व्हिटमनचा दाखला देत : कविता म्हणून त्यात राम नाही, पण तऱ्हा पहिलीच. ज्याला आपल्या कृतीचे एवढे नेमके मूल्यमापन करता येते त्यास भोळा कसे म्हणावे? त्यांच्या १९६४ च्या 'टू थाउजंड मॅनिअॅक्स!' मध्ये दक्षिणेतील एक गाव यादवी युद्धातील पराभवाची शताब्दी साजरी करण्यासाठी उत्तरेकडील प्रवाशांना हसतखेळत, बँजोच्या तालावर ठार करते. हा चित्रपट आला ते वर्ष नागरी हक्कांच्या कायद्याचे होते. गावकऱ्यांचे हसणे हाच त्यातील भयाचा गाभा आहे. असा चित्रपट पाहून ज्याला 'किती हास्यास्पद रक्त!' एवढेच सुचते, त्याने रक्ताचा रंग पाहिला, गाव पाहिले नाही.

आपल्याकडचा पुरावा तर अधिकच लख्ख आहे. तुलसी आणि श्याम रामसे ह्यांच्या 'पुराना मंदिर' (१९८४) मध्ये सामरी ह्या राक्षसाच्या कथेला जोडून एक विनोदी उपकथानक आहे. त्यात जगदीप हे मच्छरसिंग नावाच्या डाकूची भूमिका करतात आणि 'शोले'ची यथेच्छ टर उडवितात. हेच जगदीप १९७५ च्या 'शोले'त सूरमा भोपाली होते. म्हणजे हिंदी चित्रसृष्टीतील सर्वांत प्रतिष्ठित यशाचे विडंबन हिंदी चित्रसृष्टीतील सर्वांत अप्रतिष्ठित घराण्याने, त्याच यशातील एका नटास हाताशी धरून केले. विडंबनाची दिशा खालून वर होती. आज आपण 'पुराना मंदिर'चे तुकडे सभागृहात दाखवून हसतो तेव्हा त्या चित्रपटाने स्वतःच मांडलेला हास्याचा डाव आपल्या गावीही नसतो.

मराठीच्या अभ्यासकाला दिशेचा हा मुद्दा नवा वाटू नये. केशवकुमारांची 'झेंडूची फुले' १९२५ मध्ये आली, तेव्हा रविकिरण मंडळ हे काव्यव्यवहारातील चलनी नाणे होते. विडंबन होत होते ते सत्तेवर असलेल्या अभिरुचीचे, तिच्या हयातीत, तिच्या तोंडावर. आणि विडंबनकाराला ती वृत्ते, ते शब्दलालित्य स्वतःला साधत होते. उलट ज्यांचा धंदा बुडाला, ज्यांची थिएटरे पाडली गेली, ज्यांचे दिग्दर्शक विस्मरणात गेले, त्यांची नक्कल त्यांच्या माघारी करणे ह्याला विडंबन हा शब्द आपण फार सहज वापरतो. एड वूड ह्यांचे उदाहरण घ्या. कॉर्मन-लुईसांच्या तुलनेत हा माणूस खरोखरच काहीसा अजाण, हे मला मान्य आहे. डिसेंबर १९७८ मध्ये, घरातून बाहेर काढले गेल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, त्यांचे निधन झाले. १९८० मध्ये मेडव्हेड बंधूंच्या 'गोल्डन टर्की अवॉर्ड्स' ह्या पुस्तकाने त्यांना सर्वकाळचे निकृष्ट दिग्दर्शक ठरविले आणि तेथून त्यांची कीर्ती सुरू झाली. १९९४ मध्ये टिम बर्टन ह्यांनी त्यांच्यावर खरोखर प्रेमाने चित्रपट काढला. त्याला दोन ऑस्कर मिळाली. वूड ह्यांना घरभाडे मिळाले नव्हते.

माझ्या विरोधात संस्कृत परंपरेतून एक भक्कम उदाहरण देता येईल, ते मीच देते. सातव्या शतकातील 'मत्तविलास' हे प्रहसन महेंद्रवर्मा ह्या पल्लव राजाने लिहिले, आणि त्यात हसे झाले ते भिक्षापात्र हरवलेल्या मद्यपी कापालिकाचे. म्हणजे वरून खाली. तरीही ते प्रहसन आजही उभे आहे. कारण असे, की कापालिकाचे ते पात्र ही माणसाची कवटी आहे आणि तिच्याविना तो कापालिक राहत नाही, ही त्याची अडचण राजाने खरी मानली आहे. कवटी कागदाची केलेली नाही.

येथे रसविचाराची मदत घेता येते, आणि आपण ती घेत नाही ह्याचे मला आश्चर्य वाटते. भरताने हास्याचा उगम शृंगाराच्या अनुकृतीत पाहिला. अभिनवगुप्ताने ते सूत्र रुंदावून कोणत्याही रसाचा आभास हास्यास कारण होतो असे प्रतिपादिले. त्या न्यायाने भयानकाच्या आभासातून हास्य निष्पन्न होईल. दुसरीकडे चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त भयानक हा हास्याचा विरोधी म्हणून सांगितला. दोन्ही विधाने एकदम खरी आहेत, कारण आभास आणि रस ह्या दोन वस्तू आहेत. पहिल्या वाटेने जाणारा भयविनोदपट भयाला आधी मारून टाकतो आणि मग त्याच्या अंगावर हसतो. २०१३ चा 'शार्कनेडो' हे ह्याचे निर्मळ उदाहरण होय : वादळातून शार्क मासे पडतात, पण कोणी घाबरावे अशी अपेक्षाच नाही. दुसऱ्या वाटेने जाणारा चित्रपट हास्य आणि भय ह्यांना एकाच खोलीत कोंडतो आणि त्यांची झुंज लावतो. सॅम रेमी ह्यांच्या 'ईव्हिल डेड २' (१९८७) मधील नायक स्वतःच्याच झपाटलेल्या हाताशी मारामारी करतो, त्या दृश्यात हसू आणि शहारा ह्यांची वाटणी करता येत नाही. आपल्या चर्चासत्रांत गौरव होतो तो प्रामुख्याने पहिल्या प्रकाराचा. कारण त्यात प्रेक्षकाला काही गमवावे लागत नाही.

आणि आभासात काय हरवते? जॉर्ज रोमेरो ह्यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) पिट्सबर्गच्या परिसरात, सव्वा लाख डॉलरच्याही आत तयार झाला. त्यातील बेन हा कृष्णवर्णीय नायक रात्रभर प्रेतांशी झुंजून जिवंत राहतो, आणि सकाळी बंदूकधारी गोऱ्या माणसांच्या टोळीकडून प्रेत समजून मारला जातो. मग स्थिरचित्रे येतात. आकडे लावून त्याचा देह ओढून नेतात. १९८५ च्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' ह्या भयविनोदपटाने त्या चित्रपटाचा नावानिशी उल्लेख करून थट्टा मांडली, आणि मेंदू मागणारे प्रेत जगाला दिले. रोमेरोंची प्रेते मेंदू मागत नव्हती. पुढच्या चार दशकांत टी-शर्टावर, बालखेळांत, जाहिरातींत उतरले ते हे मेंदू मागणारे प्रेत. आकडे लावणारी टोळी कोणत्याच विडंबनाने उचललेली नाही. ती उचलली असती तर हसता आले नसते.

स्त्रीदेहाच्या बाबतीत मी अधिक कठोर होणार आहे. जुन्या चित्रपटांतील नग्नता आणि हत्या ह्यांचे समर्थन मला करावयाचे नाही. स्त्री म्हणून ते पाहताना मला जे होते ते कोणत्याही सिद्धान्ताने शमत नाही. परंतु कॅरल क्लोव्हर ह्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले, की ह्याच हीन प्रकाराच्या पोटात अखेरपर्यंत जगणारी, शस्त्र हाती घेणारी मुलगी आहे आणि तरुण पुरुष प्रेक्षक तिच्या डोळ्यांनी पाहतो. मूळ प्रकारात निदान ही गुंतागुंत होती. विडंबन काय करते? तोच देह, तोच कोन, तोच रेंगाळणारा कॅमेरा. वर एक डोळा मिचकावलेला. पाहणाऱ्याला पाहण्याचा आनंद मिळतो आणि पाहिल्याचा दोष दुसऱ्याच्या खात्यावर, १९७२ सालच्या कोण्या मेलेल्या निर्मात्याच्या खात्यावर, पडतो. ह्याला चिकित्सा म्हणणे म्हणजे चोरीच्या मालाच्या पावतीला निबंध म्हणणे होय.

आता शीर्षकातील रिळाकडे येते. २००७ मध्ये 'ग्राइंडहाउस' ह्या जोडचित्रपटातील 'प्लॅनेट टेरर' हा भाग रॉबर्ट रॉड्रिग्ज ह्यांनी डिजिटल कॅमेऱ्यावर घेतला आणि नंतर त्यावर ओरखडे, डाग, उड्या बसविल्या. शृंगाराचे दृश्य ऐन रंगात असताना फिल्म जळते, रीळ गहाळ असल्याची पाटी येते, आणि पुढच्या क्षणी कथा कितीतरी पुढे गेलेली असते. विनोद उत्तम साधला आहे, मी नाकारीत नाही. संपूर्ण जोडचित्रपटाचा खर्च मात्र पाच कोटी डॉलरच्या वर गेला होता. अल्पखर्ची दिसण्याला आलेला हा खर्च.

माझे मामा तालुक्याच्या एका चित्रपटगृहात ऑपरेटर होते. प्रिंट त्यांच्याकडे येई ती मुंबई-पुणे, मग जिल्हा, मग इतर तालुके अशी सगळी पायपीट करून. पत्र्याच्या डब्यांतून निघालेल्या रिळांच्या कडांची भोके फाटलेली असत. फाटलेला भाग कापून, टोके खरवडून, सिमेंट लावून जोड द्यावा लागे. दर जोडाला काही चौकटी जात. पस्तीस मिलिमीटरच्या हजार फुटांत अकरा मिनिटांचा खेळ असतो, आणि चौकटी अशा गावोगाव गळत गेल्या की गाणे तुटे, संवादाचे शेपूट जाई, कधी खून झाल्यावर खुनी आत येई. एकदा एक डबा आलाच नाही. मामांनी उरलेला खेळ दाखविला. प्रेक्षकांनी खुर्च्या बडविल्या, शिव्या दिल्या, आणि मालकाने त्यांचा दोन दिवसांचा पगार कापला. त्या रिळाचे पुढे काय झाले, कोणाला ठाऊक नाही. अकरा मिनिटांची ती उणीव ज्यांनी भरून काढली ती माणसे विडी ओढत, आपसांत तर्क लढवीत घरी गेली. खेड्यातील प्रेक्षकाची ही कल्पकता कोणत्या सिद्धान्तात बसते? जेफ्री स्कॉन्स ह्यांनी १९९५ मध्ये टाकाऊ चित्रपटांच्या सुशिक्षित चाहत्यांचा जो विचार केला, त्यातील चाहता अभिजनांशी भांडणारा अभिजनच आहे. मामांच्या थिएटरातील प्रेक्षक ह्या भांडणात पक्षकार म्हणूनही नाही.

सगळ्याच विडंबनाला मी झोडपीत आहे असे नाही. लॅरी ब्लेमायर ह्यांचा 'द लॉस्ट स्केलेटन ऑफ कॅडाव्ह्रा' (२००१) हा एक लाख डॉलरच्या आत झालेला कृष्णधवल चित्रपट मला फार आवडतो. त्यात खोटे ओरखडे नाहीत. पन्नाशीच्या दशकातील विज्ञानभयपटांची भाषा त्यांनी भाषा म्हणून शिकून घेतली आहे : एकच गोष्ट तीनदा सांगणारे शास्त्रज्ञ, पाठ केलेल्या संवादाचा विराम चुकणारे नट, कर्तव्यदक्ष पत्नी. तो हसतो वाक्यरचनेला, आणि वाक्यरचनेवर ज्याचे प्रेम असते त्यालाच तिचे असे विडंबन जमते. आपल्या महेश कोठारे ह्यांच्या 'झपाटलेला' (१९९३) ची गोष्टही येथे काढावी लागेल. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'वरून तो उचलला, हे सर्वज्ञात आहे आणि तेवढे म्हणून आपण थांबतो. पण अमेरिकी कारखान्यातील बाहुला मराठीत आला तेव्हा तो बोलक्या बाहुल्यांच्या परंपरेत येऊन पडला. रामदास पाध्ये ह्यांच्या हातांनी आणि दिलीप प्रभावळकर ह्यांच्या आवाजाने तात्या विंचू झाला. मी तेव्हा शाळकरी होते. लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांच्या भीतीला हसत हसत आम्ही रात्री उशाशी बाहुली ठेवीनासे झालो. विश्वनाथाने सांगितलेला विरोध त्या घरांतून प्रत्यक्ष नांदत होता.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी मामांना 'प्लॅनेट टेरर'चा तो भाग लॅपटॉपवर दाखविला. ते आता पंचाहत्तरीचे आहेत. ज्या यंत्रावर त्यांनी आयुष्य काढले ते केव्हाच भंगारात गेले. मला वाटले, ते हसतील किंवा रागावतील. त्यांनी चष्मा पुसून ते दृश्य पुन्हा लावावयास सांगितले.

"हे ओरखडे चुकीचे आहेत गं," ते म्हणाले. "रिळाची टोकं स्वच्छ आणि मधेच एवढी घाण? हातळलं जातं ते टोकाला. आणि इथं जोडच नाही. मग तुटलं तेव्हा पुढं चालवलं कुणी?"

मी म्हटले, कोणी नाही, ते मुद्दाम तसे केले आहे. त्यांनी मान हलविली आणि पुढचा भाग कितीचा आहे ते विचारले.